अपघातानंतरची डोकेदुखी, पीटीएसडी आणि मेंदूच्या रचनेतील बदल : एमआरआय नॉर्मल असताना काय समजावे?

वैनगंगा

प्रश्न आधी मांडते आणि मग त्यामागची हकीकत सांगते. एखाद्या भीषण प्रसंगातून गेलेल्या माणसाला पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताण विकार, झाला असेल आणि त्यासोबत न थांबणारी डोकेदुखीही असेल, तर त्याच्या मेंदूची रचना खरोखर बदललेली असते का? आणि ती बदललेली असेल, तर एमआरआयमध्ये काहीच का दिसत नाही?

माझ्या थोरल्या भावाच्या दुचाकीला अमरावती रस्त्यावर ट्रकने धडक दिली, त्याला आता वर्ष उलटून गेले. मागे बसलेला त्याचा मित्र जागीच गेला. दादाने हेल्मेट घातले होते, तो काही मिनिटे बेशुद्ध होता आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर आढळले नाही. दुसऱ्या दिवसापासून जे डोके दुखू लागले, ते अजून थांबलेले नाही. "कवटीला आतून कोणीतरी दाबून राहिलं," असे तो सांगतो. ट्रकचा हॉर्न ऐकू आला की हातातल्या पेल्यातले पाणी सांडते, झोपेत तो दचकून उठतो आणि वाडीला मावशीकडे जायचे झाले तर हिंगण्याकडून वळसा घालून जातो. नागपुरात धंतोलीतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय करवून घेतला, तो नॉर्मल आला. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचे निदान केले.

आता घरात दोन टोकाची मते आहेत. काकांचे म्हणणे असे, की रिपोर्टात काही नाही, तर मग दुखून काय राहिले? उलट, व्हॉट्सॲपवर कोणीतरी "या आजारात मेंदू आकसतो" असा मजकूर पाठवल्यापासून दादाला आपली स्मरणशक्ती जाणार अशी धास्ती बसली आहे. या दोन्हींपैकी खरे काय, हे या क्षेत्रातल्या जाणकारांनी सांगितले तर बरे होईल.

क्ष_किरण

मी शहरातल्या एका निदान केंद्रात एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करतो. निदान आणि औषधे हा माझा प्रांत नाही, परंतु "नॉर्मल" या शब्दामागे काय असते ते सांगू शकतो.

डोकेदुखीसाठी केलेल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूचे साधारण ५ मिलिमीटर जाडीचे छेद घेतले जातात. रेडिओलॉजिस्ट त्यात गाठ, रक्तस्राव, सूज, रक्त न पोचलेला भाग, पाणी साचणे अशा गोष्टी शोधतात. जुने सूक्ष्म रक्तस्राव हुडकायचे असतील तर एसडब्ल्यूआय नावाची वेगळी श्रेणी घ्यावी लागते, कारण रक्तातले लोह तिच्यात काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसते. यातले काही आढळले नाही म्हणजे अहवाल नॉर्मल. मेंदूच्या एखाद्या भागाचे आकारमान किती घन सेंटिमीटर आहे, हे त्या अहवालात मोजलेलेच नसते.

संशोधनात मोजतात ती गोष्ट निराळी. तिथे सुमारे १ मिलिमीटरचे त्रिमितीय चित्रण घेऊन संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक भागाची सीमा आखली जाते आणि मग शेकडो माणसांच्या सरासरींची तुलना होते. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग प्रौढ माणसात एका बाजूला ३ ते ४ घन सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि धडधाकट माणसांमध्येसुद्धा तो कमीजास्त असतो. त्यामुळे एका माणसाचा आकडा पाहून त्याला पीटीएसडी आहे की नाही, हे सांगता येत नाही. थोडक्यात, तुमच्या काकांनी रिपोर्टाकडून जी अपेक्षा ठेवली आहे, ती तो रिपोर्ट पुरी करूच शकत नाही.

अनुबंध

वैनगंगाताई, मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. व्हॉट्सॲपवरच्या त्या "आकसतो" या मजकुराचे मूळ कुठे आहे ते सांगते, कारण त्यात तथ्याचा अंश आहे आणि नेमका तेवढाच घाबरवणारा आहे.

पीटीएसडीला अमेरिकेतील मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले. त्यानंतर १९९५ मध्ये डग्लस ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, पीटीएसडी असलेल्या २६ सैनिकांची तुलना हा विकार नसलेल्या २२ जणांशी केली, तेव्हा पहिल्या गटात उजवा हिप्पोकॅम्पस सरासरीने ८ टक्के लहान आढळला. ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसोल प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींना इजा करते हे आधीच माहीत असल्यामुळे, आघाताने मेंदू झिजतो हा निष्कर्ष सगळ्यांना पटण्यासारखा वाटला.

मात्र २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन यांच्या गटाने एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास केला. त्यात प्रत्येक जोडीतला एक भाऊ युद्धावर गेलेला आणि दुसरा घरी राहिलेला होता. तीव्र पीटीएसडी झालेल्या सैनिकाचा हिप्पोकॅम्पस लहान होता, हे तर अपेक्षितच होते. परंतु ज्याने रणांगण पाहिलेही नव्हते त्या त्याच्या जुळ्या भावाचाही तो लहान निघाला. याचा अर्थ असा, की निदान काही अंशी तरी लहान हिप्पोकॅम्पस हा आघाताचा परिणाम नसून आघात पचवणे अवघड करणारी, आधीपासूनची जडणघडण असू शकते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे, आणि फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरात तो कधीच नसतो.

पुढे २०१८ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून १८६८ व्यक्तींची चित्रणे एकत्र तपासली, त्यांपैकी ७९४ जणांना पीटीएसडी होता. हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान आहे हे पुन्हा दिसले, पण फरक इतका बारीक, की दोन्ही गटांतून एकेक माणूस उचलला तर पीटीएसडी असलेल्याचा हिप्पोकॅम्पस लहान निघण्याची शक्यता १०० पैकी जेमतेम ५५ भरते. नुसती नाणेफेक केली तरी ५० येतात. त्यामुळे आपल्या दादांना एवढेच सांगावे, की या आकड्यावरून त्यांच्या स्मरणशक्तीचे भविष्य सांगणे कोणत्याही तज्ज्ञाला शक्य नाही. त्यांना विसरल्यासारखे होत असेल तर त्याची अधिक जवळची कारणे समोर आहेत : अपुरी झोप, सततची वेदना आणि सदैव सावध राहण्यात खर्ची पडणारे लक्ष.

तर्कट

वरील माहितीबद्दल आभार, परंतु एक शंका उपस्थित करतो. ती कोणाला दुखावण्यासाठी नाही. लिथुआनिया या देशात, जिथे त्या काळी अपघाताच्या नुकसानभरपाईची फारशी पद्धत नव्हती, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागून धडक बसलेल्या मोटारींतल्या २०२ जणांना काही वर्षांनंतर गाठले गेले. त्यांच्यात मानदुखी आणि डोकेदुखीचे प्रमाण अपघात न झालेल्या लोकांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त नव्हते. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. मग अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या दुखण्यात अपेक्षेचा, दाव्याचा आणि सभोवतालच्या बोलण्याचा वाटा किती, हा प्रश्न विचारणे गैर आहे का?

अनुबंध

गैर अजिबात नाही. अपेक्षेचा परिणाम वेदनेवर होतो हे सर्वमान्य आहे. मात्र त्या अभ्यासातले लोक वाहतूक पोलिसांच्या नोंदींवरून निवडलेले होते, आणि मागून बसलेली धडक म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत किरकोळ अपघात. ज्याच्या डोळ्यांदेखत सोबतचा माणूस गेला, त्याच्यासाठी तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय "अपेक्षेमुळे वाढलेली वेदना" हीसुद्धा मेंदूतच घडणारी आणि तितकीच दुखणारी गोष्ट आहे. ढोंग म्हणजे वेगळे.

कामठीकर

मी सैन्यातून निवृत्त झालो असून कामठीत राहतो. तर्कट साहेबांचा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला, तेव्हापासून वाद हाच, की तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा झाली की भीतीने मन खचले.

त्यावर इराकमधून परतलेल्या २५२५ अमेरिकी सैनिकांचा चार्ल्स होग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. डोक्याला सौम्य मार लागलेल्या सैनिकांमध्ये थकवा, विसराळूपणा, चिडचिड, अंगदुखी अशा तक्रारी जास्त होत्या. परंतु पीटीएसडी आणि नैराश्य यांचा हिशेब वेगळा काढल्यावर त्या तक्रारींचा डोक्याच्या माराशी असलेला संबंध जवळजवळ नाहीसा झाला. अपवाद एकच उरला, तो डोकेदुखीचा. म्हणजे बाकी पुष्कळसा भार मनावरच्या आघाताचा, आणि डोकेदुखीत मात्र माराचाही स्वतंत्र वाटा. ताईंच्या भावाच्या बाबतीत दोन्ही कारणे एकाच क्षणी घडली आहेत, तेव्हा एकच खरे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट. स्फोटाच्या जवळ असल्यानंतर माझेही डोके पुढे दीर्घकाळ दुखत असे आणि मी रोज वेदनाशामक गोळी घेत असे. शर्टाच्या खिशात चंदेरी पट्टी नसेल तर घराबाहेर पाऊल टाकवत नसे. पुढे एका डॉक्टरांनी सांगितले, की त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून आहे. आपल्या भावाने महिन्यातून किती दिवस गोळी घेतली, हे कोणी मोजले आहे का?

वैनगंगा

कामठीकर काका, मोजले नव्हते. आपला प्रतिसाद वाचून विचारले, तर तो जवळजवळ रोजच घेतो असे कळले. कधी पॅरासिटामॉल, कधी औषधाच्या दुकानातून आणलेली मिश्र गोळी. हे त्याने डॉक्टरांना कधी सांगितलेच नव्हते, कारण "साधी गोळी आहे".

अनुबंधताई, आपण हिप्पोकॅम्पसविषयी लिहिले. डोकेदुखीमुळे मेंदूत होणारे बदल वेगळे असतात का? आणि दोन्ही एकत्र असतील तर?

अनुबंध

आधी गोळ्यांविषयी. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत एकाहून जास्त औषधे असलेल्या) किंवा मायग्रेनवरची ट्रिप्टान गटातली औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी ३ महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर त्या औषधांमुळे होणाऱ्या डोकेदुखीचा विचार करावा लागतो. त्या कशा कमी करायच्या हे डॉक्टरांनीच ठरवावे, पण त्यांना खरा आकडा कळला पाहिजे. त्याच वर्गीकरणात आघातोत्तर डोकेदुखीची व्याख्याही आहे : मार लागल्यापासून किंवा शुद्धीवर आल्यापासून ७ दिवसांच्या आत सुरू झालेली, आणि ३ महिन्यांपलीकडे राहिली तर चिवट समजली जाणारी. आपल्या दादांचे वर्णन तिच्यात तंतोतंत बसते.

आता मेंदूतल्या बदलांविषयी. मार्क ओबरमान यांच्या जर्मन गटाने २००९ मध्ये एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मानेला हिसका बसून डोकेदुखी सुरू झालेल्या ३२ जणांची चित्रणे अपघातानंतर वेगवेगळ्या टप्प्यांवर घेतली, म्हणजे बदल होताना पाहिले. ज्यांची डोकेदुखी ३ महिन्यांपलीकडे टिकली, त्यांच्या अँटिरिअर सिंग्युलेट (सिंग्युलेट या भागाचा पुढचा हिस्सा) आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (कपाळामागचा थर) या भागांतले करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, कमी झालेले दिसले. वर्षभराने ज्यांचे दुखणे थांबले, त्यांच्यातला हा फरकही भरून निघाला. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या जुनाट दुखण्यातही जवळपास असेच चित्र आहे : खुब्याचा सांधा बदलून वेदना गेली, की मेंदूतले कमी झालेले करडे द्रव्य पुन्हा वाढल्याचे २००९ मध्येच दुसऱ्या एका जर्मन गटाने दाखवले. म्हणून 'आकसणे' हा शब्द मला खटकतो. पेशी मेल्या असत्या, तर काही महिन्यांत त्या परत कशा आल्या असत्या? पेशींच्या फांद्या, त्यांच्यातले दुवे, आधारपेशी आणि पाण्याचे प्रमाण बदलले तरी एमआरआयवर आकारमान बदललेले दिसते.

दोन्ही आजार एकत्र का नांदतात, याचे उत्तर या भागांच्या कामात आहे. सिंग्युलेटचा पुढचा भाग वेदनेचा त्रासदायकपणा ठरवतो आणि भीतीला आवर घालण्यातही त्याचा हात असतो. पीटीएसडीमध्येही हाच भाग आणि त्याच्या शेजारचा प्रीफ्रंटल भाग सरासरीने लहान आढळला आहे, तर धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला अधिक उत्तेजित दिसतो. त्याखाली मेंदूच्या स्तंभात पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाचा छोटासा पट्टा आहे. वरून येणाऱ्या आज्ञांनुसार तो वेदनेचे संदेश दाबतो, आणि धोका दिसताच जागीच थिजून जाण्याची प्रतिक्रियाही तोच चालवतो. घरात एकच पंप विहिरीवरही आणि टाकीवरही लावला, तर एकीकडचा ताण दुसरीकडे जाणवणारच. त्यात चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे आणि मानेच्या वरच्या मणक्यांतल्या नसांचे संदेश एकाच केंद्रात येऊन मिळतात, त्यामुळे मान आखडली की कपाळ दुखते. आणि सदैव सावध असलेल्या माणसाची मान आखडलेलीच असते.

क्ष_किरण

यात एक भर घालतो. ॲरिझोनातील मेयो क्लिनिकमध्ये टॉड श्वेट आणि कॅथरीन चाँग यांचा गट याच विषयावर काम करतो. (नागपूरकरांनी गोंधळू नये, आपल्या मेयो रुग्णालयाचा त्याच्याशी संबंध नाही.) त्यांनी चिवट आघातोत्तर डोकेदुखी असलेल्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी मोजली. कपाळामागच्या काही भागांत ती निरोगी लोकांपेक्षा कमी होती, आणि डोकेदुखी जितकी वारंवार, तितकी त्यातल्या काही भागांची जाडी कमी, असा संबंधही दिसला. मायग्रेनचे रुग्ण आणि हे रुग्ण यांच्या चित्रणांतही फरक आढळले. लक्षणे सारखी असली तरी हे केवळ "अपघाताने उघडे पडलेले मायग्रेन" नसावे, असा त्याचा रोख आहे. मात्र हे एकाच वेळी घेतलेले मोजमाप आहे. जाडी कमी म्हणून दुखते की दुखते म्हणून जाडी कमी, हे त्यावरून ठरत नाही.

तर्कट

माझ्या शंकेचे बऱ्यापैकी निरसन झाले. आता उपचारांविषयी विचारतो. दोन्ही आजार गुंतलेले असतील, तर एकावर उपचार केल्याने दुसरा बरा होतो का?

अनुबंध

याच प्रश्नावर डोनाल्ड मॅकगिअरी यांच्या गटाची अमेरिकेतील १९३ माजी सैनिकांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना आघातोत्तर डोकेदुखी आणि पीटीएसडीची लक्षणे होती. एका गटाला डोकेदुखीसाठी आखलेली वर्तन उपचारपद्धती दिली, ज्यात शिथिलीकरण, दिनक्रमाची आखणी आणि दुखण्याच्या भीतीने सोडून दिलेली कामे टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करणे यांचा समावेश होता. दुसऱ्याला पीटीएसडीसाठीची सर्वमान्य उपचारपद्धती, जिच्यात आघाताविषयीचे विचार तपासून बदलले जातात. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या गटात डोकेदुखीमुळे येणारी अडचण घटली, आणि पीटीएसडीची लक्षणेही दुसऱ्या गटाच्या बरोबरीने कमी झाली. दुसऱ्या गटात पीटीएसडी कमी झाला, परंतु डोकेदुखीत तितका फरक पडला नाही. "आधी मन ठीक करा, डोके दुखायचे आपोआप थांबेल" हा सल्ला घरोघरी दिला जातो. या चाचणीने त्याला दुजोरा दिलेला नाही.

औषधांपैकी पीटीएसडीसाठी सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन यांना अमेरिकेत मान्यता आहे. दुःस्वप्नांसाठी प्रॅझोसिन दिले जाते, पण २०१८ च्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. झोपेसाठी अल्प्राझोलमसारख्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नयेत. पीटीएसडीच्या उपचारांत त्या टाळाव्यात अशीच शिफारस आहे.

वैनगंगा

सर्वांचे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. जुळ्या भावांचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला आणि मग काकांनाही ऐकवायला सांगितले. काकांचा आता नवा आग्रह आहे, की ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या, मोठ्या यंत्रावर एमआरआय पुन्हा करावा. त्याचा उपयोग होईल का? आणि अशी वर्तन उपचारपद्धती मराठीतून नागपुरात कुठे मिळू शकेल?

क्ष_किरण

नुसत्या कुतूहलापोटी करू नये. ३ टेस्लावर चित्र अधिक स्पष्ट येते, तरी वर चर्चा झालेले फरक एका माणसात त्यावरही ओळखता येत नाहीत. डोकेदुखीचे स्वरूप अचानक बदलले, ती दिवसेंदिवस वाढत गेली, उलट्या, फिट, हातापायांत कमजोरी किंवा नजरेत दोष आला, तर मात्र न थांबता डॉक्टरांकडे जावे. आणखी एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी : उभे राहिल्यावर दुखणे वाढत असेल आणि आडवे झाल्यावर ओसरत असेल, तर मार लागल्याने मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी मणक्यातून झिरपत असण्याची शक्यता पाहावी लागते. त्यासाठीची तपासणी वेगळी असते आणि साध्या एमआरआयमध्ये ते निसटू शकते.

अनुबंध

नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा मिहानमधील एम्सच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांविषयी चौकशी करावी. भेटीआधी रात्री-अपरात्री गरज पडली, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. ही सेवा मोफत आणि २४ तास आहे. भेटीला जाताना गोळ्यांची नोंद, झोपेच्या वेळा आणि दुखणे किती वाजता वाढते, हे लिहिलेली वही सोबत न्यावी, आणि मेंदूविकारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही तीच वही दाखवावी.